दगड बुडेना

१ ऑगस्ट, शनिवार

पोचले एकदाची! चांगी विमानतळावर ताई आणि अवनी दोघी घ्यायला आल्या होत्या. अवनीच्या हातात मोठा कागद आणि त्यावर तिनं काढलेलं माझं चित्र: गोल डोकं आणि डोक्यातून निघणारा भलामोठा धूर. ताईनं तिला सांगून ठेवलंय की मावशी ज्वालामुखीवाली आहे. मी म्हटलं, बरोबर काढलंस, फक्त नाक जरा लहान कर. तर इथल्या इंग्रजीत म्हणे, कॅनॉट लाह, नाक तसंच आहे.

ताईचं घर बेडोकला, बाराव्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसते आणि तिच्यावर ओळीनं थांबलेली जहाजं. धनेशजिजू अशाच एका जहाजावर इंजिनीअर आहेत. सध्या जावा समुद्रात, महिनाअखेरीस येतील. घरात ताई, अवनी आणि जिजूंच्या आई, सुरेखाकाकू. काकू रेवदंड्याच्या. नात सांभाळायला आल्या त्या इथल्याच होऊन गेल्यात. खालच्या हॉकर सेंटरमधल्या कॉफीवाल्याशी मराठीत भांडतात, आणि त्याला ते कळतंसुद्धा.

एक गंमत लिहायलाच हवी. देवघरात पितळी वाडग्यात पाणी आणि पाण्यावर तरंगणारा एक दगड. मुठीएवढा, राखाडी, भोकाभोकांचा, वरती हळदकुंकू. जहाजाचं इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत ओढतात, त्याच्या गाळणीत हा अडकलेला. जिजूंनी अवनीला खेळायला आणला, काकूंनी ताब्यात घेतला. रामाच्या सेतूचा दगड म्हणाल्या. शेजारच्या जोशीबाई दर्शनाला येऊन गेल्या, यिशुनहून कोणी दोघी आल्या होत्या.

मी दगडांतच एमएस्सी केलंय. तो प्युमिस आहे. लाव्हाला फेस येतो, फेस थंड होतो, आत हवा राहते म्हणून तरंगतो. पण पहिल्याच दिवशी कशाला बोला. गुपचूप नमस्कार केला.

३ ऑगस्ट, सोमवार

पहिला दिवस. पाया लेबारला एमआरटीतून, म्हणजे इथल्या मेट्रोतून, उतरलं की समोरच बिल्डिंग. टीम छोटी. बॉस हुई मिन, माझ्याहून फार मोठी नसेल, पायात चपला आणि टेबलाखाली बुटांचे चार जोड.

आमचं काम ऐकून ताई म्हणाली, हा काय धंदा झाला का. विमा कंपन्यांना सांगायचं की अमुक ज्वालामुखी फुटला तर राख कुठे पडेल, कुठली विमानं थांबतील, कोणाचं किती नुकसान. इथे स्वतःचा ज्वालामुखी एकही नाही, आजूबाजूला मात्र सगळे उभे. म्हणून दिवसभर कॉम्प्युटरवर खोटे स्फोट करायचे. आज मी जेवणाआधी दोन बेटं उडवली.

हुई मिननं दम दिलाय की फुटणार असं कधीही लिहायचं नाही, फुटला तर असंच लिहायचं.

म्हणून ठरवलं. ऑफिसात न झालेलं लिहायचं, या वहीत फक्त झालेलं.

९ ऑगस्ट, रविवार

आज इथला राष्ट्रदिन. गॅलरीभर लाल-पांढरे झेंडे. डोक्यावरून लढाऊ विमानं गेली तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि वाडग्यातलं पाणीही. अवनीनं ते बघितलं आणि दगडाला विचारलं, यू स्केअर्ड आ?

मग तिला मी प्रयोग दाखवला. वाडगा खाली घेतला (काकू अंघोळीला गेल्या होत्या, तेवढ्यात) आणि तिची छोटी बाहुली दगडावर उभी केली. दगड जरासा दबला, बुडाला नाही. अवनी टाळ्या पिटत सुटली. विचारलं, मोठा दगड असला तर मी उभी राहीन का? म्हटलं राहशील की. हा दगड बुडतच नाही, ती त्याची खासियत.

काकू आल्या त्या केस पुसतच. मला वाटलं आता ऐकावं लागणार. पण त्या खूश. सेतूची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, वानरं दगड टाकतायत, दगड तरंगतायत, सगळी फौज चालत पलीकडे. अवनीनं विचारलं, तिकडून इकडे पण येता येतं का? काकू म्हणाल्या, येता येतं की. पूल काय एकाच बाजूचा असतो?

वाडगा परत ठेवताना पाणी कोमट लागलं. देवघर खिडकीजवळ आहे, दुपारचं ऊन येतं.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

काकूंचा श्रावण आणि इथल्या चिनी लोकांचा सातवा महिना एकाच दिवशी लागला. सातव्या महिन्यात भुतं सुट्टीवर येतात म्हणे. लोक इमारतीखाली लोखंडी पिंपांत कागदी नोटा जाळतात आणि त्याची राख वर उडते. आज खिडकीच्या कठड्यावर राख बघून मी हातातलं काम टाकून धावले. नोकरीचा परिणाम! बोटावर घेतली, चुरगळली, काळी झाली. कागदच. स्वतःलाच हसले.

मग देवघरातली राख बघितली. उदबत्तीची असेल असं वाटलं होतं. ती चुरगळेना. बोटांना काचेच्या भुग्यासारखी टोचली.

वाडग्यातलं पाणी आज खरंच गरम होतं. ऊन नव्हतं, सकाळपासून आभाळ. काकू म्हणाल्या, श्रावण आहे, देव स्वतःच आपलं अंघोळीचं पाणी तापवून घेतोय. हौसेनं सगळ्यांना तीर्थ दिलं. मी ओठांना लावलं. गंधकाचा वास. जुन्या फटाक्यांसारखा.

१८ ऑगस्ट, मंगळवार

आज एक काम केलं आणि घरात महाभारत झालं.

कॉलेजातला वेदांत इथल्या विद्यापीठात पीएचडी करतो, ज्वालामुखींवरच. त्याला म्हटलं, एक तुकडा आणते, कुठल्या ज्वालामुखीचा आहे सांग. प्रत्येकाची रसायनं वेगळी असतात, माणसाच्या बोटांच्या ठशांसारखी. म्हणून नेलकटरनं दगडाचा एक कोपरा काढला. शेंगदाण्याएवढा.

काकूंनी पूजेला बसल्या बसल्या ओळखलं. ओरडल्या नाहीत. ते जास्त वाईट. म्हणाल्या, उत्कर्षा, देव खंडित केलास गो. खंडित देव घरात ठेवत नाहीत. त्याचं आता विसर्जन करावं लागणार. ताई माझ्यावर भडकली, तीन आठवडे झाले नाहीत येऊन तर कसली ग प्रयोगशाळा काढलीस. खरंय तिचं.

काकूंनी लगेच बादली भरली. इथे समुद्रात काही टाकलं तर दंड होतो, त्यामुळे गणपतीसुद्धा बादलीत. दगड सोडला. तरंगला. हातानं दाबून आत धरला, हात काढला की टुणकन वर. पुन्हा. पुन्हा. अवनी हसून लोळतेय, ताई हसू दाबतेय, शेवटी काकूंनाही हसू आलं. म्हणाल्या, बुडत नाही तो. ह्याला समुद्रच लागेल. नारळी पौर्णिमेला नारळासोबत देऊ.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

जिजूंचा व्हिडिओ कॉल. चित्र अडखळत होतं. चेहरा काळवंडलेला, डोळे लाल. गाळण्या परत तुंबल्या म्हणाले. काढायच्या, साफ करायच्या, लावायच्या, की परत दगडच दगड. इंजिन तापतं म्हणून बंद ठेवलंय, जहाज नुसतं वाहतंय. फोन बाहेर नेऊन दाखवला. मला आधी वाटलं धक्का दाखवतायत. सिमेंटचा. तो समुद्र होता. क्षितिजापर्यंत राखाडी दगड, एकमेकांना खेटून, हळूहळू वरखाली होणारे.

मी विचारलं कुठला ज्वालामुखी फुटला? म्हणाले, ते तुझं खातं ना, तूच सांग. कॅप्टननं चौकशी केली, कुठेच काही फुटलेलं नाही.

ताई रडवेली झाली म्हणून त्यांनी विषय हलका केला. अवनीला म्हणाले, बाळा, जहाज चालत नाही तर पप्पा चालतच येतील. बघ केवढा रस्ता झालाय. तू खाली समुद्रावर घ्यायला ये.

अवनीनं फोनला नाक लावून विचारलं, प्रॉमिस आ?

प्रॉमिस, म्हणाले.

२४ ऑगस्ट, सोमवार

वेदांत कॅन्टीनमध्ये भेटला. खात नव्हता, नुसता नूडल्स वरखाली करत होता.

एक. रसायनं कुठल्याच माहीत स्फोटाशी जुळत नाहीत. जवळात जवळ जाणारा म्हणजे समुद्राखालचा एक डोंगर, नकाशावर नाव नाही, नुसता नंबर. माझ्या ऑफिसच्या यादीत आहे तो. मी तो एकदा उडवलायसुद्धा. तो कधी फुटल्याची नोंद नाही.

दोन. दगड बाहेर पडतो तेव्हा त्याच्यात एक घड्याळ सुरू होतं. स्फोटाच्या क्षणी शून्य आणि तिथून आकडा वाढत जातो. वेदांतनं तुकडा गेल्या आठवड्यात मोजला, आज परत मोजला. आकडा कमी झालाय.

मी म्हटलं मशीन बिघडलं असेल. म्हणाला, मलाही तेच हवंय. दुसऱ्या लॅबमध्ये मोजतो.

घरी येताना केम्बांगन स्टेशन गेल्यावर लक्षात आलं की मी मोठ्यानं बोलतेय. समोरचा माणूस उठून पलीकडे बसला.

हा दगड अजून बाहेर पडलेला नाही. ज्या स्फोटात तो पडणार तो व्हायचाय. आणि तो आमच्या देवघरात आहे.

वर काय लिहिलं ते वाचलं. न झालेलं लिहिलं. पण दगड तर झालाय. हातात धरलाय मी.

२६ ऑगस्ट, बुधवार

हुई मिनला सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, कुठल्या मॉडेलमध्ये बसतं हे? झोपतेस ना नीट? घरचं कोणी जहाजावर आहे म्हणून तुला असं होतंय. दोन दिवस सुट्टी घे. आणि हे कुणाला मेल करू नकोस, प्लीज आ, एकदा फुटणार असं लिहिलं की मागे घेता येत नाही.

मग तिनंच खालच्या आवाजात विचारलं, समजा झालं तर आपल्याकडे काय येईल? तिला माहितीय. तिनेच शिकवलंय मला. राख. विमानं बंद. पाणी.

आपल्याकडे बेटांचा आडोसा आहे म्हणून लाट मोठी येत नाही, असं मॉडेलमध्ये आहे. मॉडेलमध्ये दगड आधी येत नाहीत.

२८ ऑगस्ट, शुक्रवार. नारळी पौर्णिमा

केलं विसर्जन.

काकूंनी नारळाला सोन्याचा कागद लावला. रेवदंड्याला नवरा खलाशी होता तेव्हा दरवर्षी करायच्या, समुद्राला शांत करायला, आपलं माणूस परत द्यायला. आज धनेशसाठी. पिशवीत वर भाजी, खाली नारळ आणि दगड. ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर सायकलवाली पोरं, बार्बेक्यूचा धूर, आणि आम्ही चौघी चोरासारख्या. ताई पहाऱ्याला.

नारळ सोडला. दगड सोडला. काकूंनी डोळे मिटून हात जोडले, जिजूंचं नाव घेतलं. पहिली लाट आली आणि दगड परत पायाशी. आत ढकलला, परत. मी गुडघाभर पाण्यात जाऊन जीव खाऊन लांब फेकला. अवनी म्हणाली, मावशी, ही वॉन्ट टू कम होम लाह.

चौथ्यांदा आला तेव्हा एकटा आला नाही. चार-पाच होते. मग आणखी. कोपरा तुटलेला कुठला ते ओळखूच येईना.

नारळही आला मागोमाग. सोन्याचा कागद काळा पडलेला, टोकाला करपलेला.

पाणी गरम होतं. समुद्राचं.

२९ ऑगस्ट, शनिवार

किनाऱ्याला दगडांची झालर. सफाईवाले पोत्यांत भरतायत. बातम्यांत सांगितलं की कुठल्यातरी जुन्या स्फोटाचे वाहत आलेत, घाबरायचं कारण नाही. जोशीबाईंनी कुंड्यांसाठी पिशवीभर नेले. शेजारच्या चिनी आंटीनंही, टाचा घासायला.

काकूंना मी बसवून समजावलं. हे दगड देवाचे नाहीत, हे पुढे होणाऱ्या— त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाल्या, माझा पोरगा पाण्यात आहे. मला एवढंच कळतं की त्याच्याकडून काहीतरी इकडे येतंय. तू वाईट बोलू नको.

जिजूंचा फोन नाही. कंपनी म्हणते जहाज जागेवर आहे. जागेवर म्हणजे काय?

३१ ऑगस्ट, सोमवार

वेदांतचा फोन. दुसऱ्या लॅबनं मोजलं. उतरतोच आहे आकडा, सरळ रेघेत. रेघ पुढे ओढली की बुधवार-गुरुवारी शून्य. तो आज आईवडिलांना घेऊन निघतोय, पर्थला. मला म्हणाला, पळ. दुसरं काही बोलला नाही, नुसतं पळ.

ताईला पाय धरून सांगितलं. खरंच धरले. ती म्हणाली, धनेश तिथे असताना मी इथून हलणार नाही, तुला काय करायचं ते कर. काकू देवासमोरून उठत नाहीत. शेवटी अवनीसाठी ऐकलं. अवनीला घेऊन मी पुण्याला जायचं, आईकडे, चार दिवस. काही झालं नाही की तू माफी मागायची, म्हणाली ताई. म्हटलं नाक घासून मागीन.

विमान बुधवारी दुपारचं. त्याआधीचं एकही नाही, सगळी भरलेली. कोणीतरी आणखीही मोजतंय की काय?

अवनीला सांगितलं तर ती येणार नाही म्हणते. पप्पा आले आणि ती नसली तर?

१ सप्टेंबर, मंगळवार

सगळे दगड समुद्राला परत दिलेत. जोशीबाईंकडचे, आंटीचे, मीच पिशव्या गोळा करून खाली नेऊन टाकले. वाडगा घासला. संध्याकाळी वाडग्यात दगड. कोपरा तुटलेला. काकू शपथ घेतात मी नाही आणला. अवनी म्हणते तो एकटाच आला.

अवनीचे तळपाय राखाडी आहेत. धुतले. निघत नाही. भरभरीत, बारीक भोकं

ताईला दाखवलं. तिनं वाळू म्हटलं. तिच्या हाताला लागत होतं तरी वाळूच म्हणाली.

काकू खिडकीत. समुद्राची पट्टी दिसत नाही. निळं काहीच नाही. जहाजांच्या खाली सिमेंट.

काकू हात जोडून म्हणाल्या, सेतू पुरा झाला.

उद्या दुपारपर्यंत. फक्त उद्या दुपारपर्यंत, देवा. कुठल्याही देवा.

२ सप्टेंबर, बुधवार, सकाळ

बॅगा दारात. पासपोर्ट माझ्या गळ्यात, दोन्ही. ताई ऑफिसला रजा टाकायला गेलीय, तिथून विमानतळावर निरोपाला येईल. काकूंनी अवनीला खाली नेलंय, जायच्या आधी सेतूला नमस्कार करायला. पाच मिनिटांत येतो म्हणाल्या. मी नको म्हटलं नाही. का नाही म्हटलं? काकू रडत होत्या. एवढंच मागतेय म्हणाल्या.

काकूंचा फोन येतोय—

२ सप्टेंबर, फोनवर लिहितेय, वही घरी राहिली

धावत गेले. काकू वाळूत गुडघ्यांवर, नुसता हात लांब केलेला.

अवनी लांब. दगडांवर. चालतेय. हातात बाहुली. काकूंनी नमस्काराला डोळे मिटले तेवढ्यात.

माणसं ओरडत होती. बोट आली आणि थोडं आत येऊन बंद पडली. पाण्यात दगड, इंजिनात दगड. जिजूंनी सांगितलेलं तेच. कोणी उतरेना. एक माणूस उतरला, दगड बाजूला झाले, तो गेला, दगड परत मिटले. बोटीवाल्यांनी दोरी टाकली. वर नुसती दोरी आली.

मी झोपले. पालथी. असं पसरून राहिलं की दगड पेलतात. सरपटत गेले. कोपरं सोलली. ओरडत होते अवनी थांब, मावशी येतेय, थांब. ती वळून म्हणाली, कॅन लाह मावशी, बुडत नाही, यू सेड.

मी म्हटलं होतं.

आता ती माझ्याजवळ आहे. एक मोठा दगड मिळाला, गादीएवढा. दोघी त्याच्यावर. जिवंत आहे. उबदार आहे. खोकतेय. किनारा दिसतोय पण जवळ येत नाही. आम्ही वाहतोय. बाहेर.

२ सप्टेंबर

ताईला मेसेज गेला नाही. काकूंना नाही. पाठवण्याचं चिन्ह नुसतं गोल फिरतंय.

इमारती दिसतायत. बारावा मजला कुठला ते शोधतेय. तिला दाखवलं, ते बघ आपलं घर. ती तिकडे बघत नाही. दक्षिणेकडे बघते.

दगड बुडत नाही हे खोटं. भोकांत पाणी भरलं की बुडतो. मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलंय मी. आजूबाजूचे एकेक जातायत. आवाज येतो, बाटली भरल्यासारखा.

आमचाही भरतोय. सकाळी हातभर वर होता. आता चार बोटं—

आकाश स्वच्छ आहे. एवढं स्वच्छ. अजून काहीही झालेलं नाही. कुठेच काही झालेलं नाही. हे सगळं कशाचं

२ सप्टेंबर

एकदम एक मेसेज आला. वेदांतचा. सकाळचा असेल.

फक्त एक शून्य.

जहाजांचे भोंगे. सगळ्या जहाजांचे, एकदम. मग बंद. एकही पक्षी नाही.

अवनी उठून उभी राहायला बघते. धरून ठेवलंय. म्हणते, मावशी, पप्पा आले. बघ ना. पप्पा चालत येतायत.

मी बघणार नाही. मान वळवणार नाही. मी फक्त हिच्याकडे

बघितलं.

कोणीतरी आहे. लांब. चालतंय. राखाडी. एक नाही—

२ सप्टेंबर

दोन बोटं.

दोघींना पेलणार नाही. एकटीला पेलेल. बाहुलीसारखी. हलकी आहे ती. चौदा-पंधरा किलो

ओढणीनं बांधली दगडाला. पोटावर. गाठ पक्की. पासपोर्ट तिच्या गळ्यात घातले. कोणी उचललं तर कळेल कोणाची. फोनही शेवटी तिच्या खिशात ठेवीन, कोणाला मिळाला तर— ताई, मी ओढून नेत होते ग तिला, घरी, मी

तिला सांगितलं, हलू नको, डोळे मीट, मावशी इथेच आहे, दगडाला धरून. म्हणाली, ओके. म्हणाली, मावशी, यू स्केअर्ड आ?

नाही म्हटलं.

पाय आत घातले. पाणी गरम आहे. काकूंच्या वाडग्यातल्यासारखं. दगड वर आला. खरंच वर आला, ताई, एक बोट, दोन

खालून आवाज येतोय. पायांना कळतंय आधी. अवनी, डोळे मिटून ठेव, मावशीनं धरलंय तुला, मावशीनं सोडलं ना